पैसे जमा, पासबुक कोरे

सामाईक सातबाऱ्याचा विषय आज घ्यायचा होता. पण गेल्या आठवड्यातल्या ई-केवायसीवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हापुन्हा दिसली, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

सांगोला तालुक्यातले एक वाचक लिहितात, ‘केवायसी झाली, जमिनीची नोंद बरोबर आहे, पीएम-किसानचा हप्ता जमा झाला असे कृषी सहायक सांगतात. जिल्हा बँकेचे पासबुक मात्र कोरे. बँक म्हणते, आमच्याकडे काहीच आलेले नाही.’

दोघेही बहुधा खरेच सांगत आहेत. पैसे निघाले आहेत, फक्त दुसऱ्या बँकेत पोहोचले आहेत.

योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, तेव्हा अर्जावर लिहिलेल्या खात्यात रक्कम जाई. आता आधार क्रमांक हाच पैशाचा पत्ता आहे. शासन आधार क्रमांक आणि रक्कम पाठवते. कोणत्या आधारपुढे कोणती बँक, याची नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे असते. त्या नोंदीतल्या बँकेकडे रक्कम वळते आणि ती बँक आपल्याकडच्या खात्यात जमा करते. या नोंदीत एका आधारपुढे एकाच बँकेचे नाव राहते. नवे नाव चढले की जुने उतरते. अर्जावर जिल्हा बँकेचा खाते क्रमांक कितीही ठळक लिहिलेला असो, इथे तो कोणी पाहत नाही.

नाव बदलते कधी? बाजारच्या दिवशी स्टॉलवर शून्य शिलकीचे खाते उघडले, बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत गेलो, प्रत्येक ठिकाणी अंगठा दिला. त्यातल्या एखाद्या अर्जावर अनुदान याच खात्यात घेण्याची संमती असते. २०१७ मध्ये तर एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत ग्राहकांच्या नकळत गॅसचे अनुदान जमा होत गेले. त्या डिसेंबरात आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी स्थगित केली.

उलटेही घडते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणून शेतकरी निर्धास्त असतो. पण खात्याला आधार जोडणे वेगळे आणि एनपीसीआयच्या नोंदीत त्या बँकेचे नाव चढणे वेगळे. दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र संमती अर्ज द्यावा लागतो.

म्हणून आधी बँकेचे नाव शोधा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि बँकेचे नाव समोर दिसते. अनोळखी नाव दिसले तरी घाबरू नका. खाते तुमच्याच नावाचे आहे, पैसेही तुमचेच. गावातल्या बँक मित्राकडे ती बँक निवडून अंगठ्यावर रक्कम काढता येते. पुढचे हप्ते जिल्हा बँकेतच हवे असतील, तर तिथे संमती अर्ज भरा, त्यात आधीच्या बँकेचे नाव लिहा आणि काही दिवसांनी नोंद पुन्हा तपासा.

हे एवढ्या विस्ताराने लिहिण्याचे कारण आहे. पीएम-किसानचे सहा हजार आणि राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे सहा हजार, असे वर्षाचे बारा हजार रुपये याच नोंदीवर अवलंबून आहेत. अतिवृष्टीची मदतही आधारच्याच आधारे येते. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्याला दोन हजारांचा हप्ता पेरणीआधी मिळाला तर बियाण्याची पिशवी रोखीने घेता येते. उशीर झाला तर दुकानदाराची उधारी वाढते. केवायसीसाठी गावोगाव शिबिरे भरली. तशीच चावडीवर एक दिवस प्रत्येक खातेदाराला त्याच्या बँकेचे नाव दाखवण्यासाठीही भरवायला हवीत. ग्रामसभेत ही मागणी जरूर करा.

सामाईक सातबारा पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपला आठ-अ काढून ठेवा, त्यातले एकूण एक नाव लागणार आहे.