एवढं एक बटण

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं होतं, ‘ॲपमध्ये एवढीशी गोष्ट करायला या लोकांना इतके दिवस का लागतात?’ आम्हीही तसंच म्हणायचो. आता म्हणत नाही. का, ते सांगतो.

आमच्या वाचनालयाची सभासदयादी संगणकावर आहे. कार्यकारिणीची निवडणूक तोंडावर आलेली. यादी आडनावांप्रमाणे अकारविल्हे लागावी, त्यासाठी एक बटण हवं, एवढीच आमची मागणी. काम करणारी आमचीच जुनी विद्यार्थिनी. तिने विचारलं, ‘सर, अकारविल्हे म्हणजे नेमकं कसं?’ आम्ही म्हटलं, ‘अगं, पहिलीतलं पोर सांगेल!’ (हशा) तिने बिचारीने संध्याकाळपर्यंत बटण करून दिलं.

मतदानाच्या दिवशी एक आजी आल्या. आडनाव ‘क्ष’ने सुरू होणारं. त्यांनी दाराशी लावलेल्या यादीचं शेवटचं पान पाहिलं, कारण त्यांचं नाव कायम तिथेच असायचं. दिसलं नाही. आपल्याला वगळलं असं समजून त्या मत न देताच घरी गेल्या. नाव होतं हो यादीत! केळकर आणि खरे यांच्या मधे.

असं का झालं? संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. युनिकोडमध्ये ‘क’ २३२५, ‘ख’ २३२६. आपण ‘क्ष’ एक अक्षर मानतो. तिथे मात्र ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तीन चिन्हं साठवलेली असतात. साहजिकच तो ‘क’च्या घरात जातो. हिंदी कोशांतही तो ‘क’मध्येच सापडतो, म्हणजे हे चूक म्हणावं तर तसंही नाही. ‘ळ’ची गंमत आणखी वेगळी. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. युनिकोडने देवनागरीची मांडणी घेतली १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून, आणि ती अनेक भारतीय लिप्यांना मिळून एकच होती. तिच्यात ‘ळ’ बसला ‘ल’च्या शेजारी, २३५५ वर, ‘श’ २३५८ वर. त्यामुळे काळे आले काशीकरांच्या आधी.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये एक भेद केलाय. एखादी गोष्ट करता येणं वेगळं, आणि तिच्याबद्दलची विधानं ठाऊक असणं वेगळं. आम्ही तो वर्गात वर्षानुवर्षं शिकवला! आम्हाला यादी लावता येत होती, पण नियम सांगता येत नव्हता. यंत्राला नियमच लागतो. मुलीने विचारला होता तो नियम, आणि आम्ही तिलाच हसलो.

मराठी क्रमाचे तयार नियम मिळतात, तिने ते नंतर बसवलेही. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ळ’ आपापल्या जागी गेले. मग निघालं की काहींनी फॉर्मवर आडनाव आधी लिहिलंय, काहींनी शेवटी, आणि आमच्या एका तमिळ सभासदांना आडनावच नाही. ते हाताने निस्तरलं.

आजींच्या घरी आम्ही स्वतः जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, पण सभासदत्वाचं नूतनीकरण अजून केलेलं नाही.

राहिला अनुस्वार. ते स्वतंत्र चिन्ह मानलं तर ‘कांबळे’ येतात ‘काणे’च्या आधी, उच्चाराप्रमाणे ‘म्’ मानला तर ‘कामत’च्या नंतर. यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. तिसरी रविवारी आहे.