वर्सोव्याची मेट्रो खांबांवर का?

८ जून २०१४ला सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुमारे ११ किलोमीटर धावते. तिची बाराही स्थानके उन्नत आहेत. भुयार का नाही, असा आक्षेप घेतला जातो. मला मात्र खांबांचा निर्णय योग्य वाटतो. मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते, त्यामुळे पूर्व-पश्चिम प्रवासात रूळ आणि महामार्ग आडवे येतात. अंधेरीला मेट्रो पश्चिम रेल्वे पोलादी पुलावरून ओलांडते. भुयाराचा खर्च कितीतरी जास्त झाला असता.

आवाजाची तक्रार खरीच आहे. उन्नत मार्गांना विरोध तसा जुनाच आहे: बर्लिनची उन्नत रेल्वे १९०२मध्ये सुरू झाली, तेव्हा शेजारच्या श्रीमंत शार्लोटेनबुर्ग शहराने आग्रहाने भुयार मिळवले. उन्नत भाग आजही वापरात आहे. मेट्रोलगतच्या घरांसाठी आवाजरोधक भिंती मात्र हव्यातच.