विद्याशाखा आणि लोकसमज

दहावीचा निकाल लागला कीं जालना शहरांतील घरांपासून भोकरदन, परतूर, अंबडपर्यंत एकच प्रश्न विचारला जातो: "कोणती शाखा घेतली?" उत्तर मिळतांच विचारणारा मनांतल्या मनांत शिक्का मारून मोकळा होतो. विज्ञान म्हटलें कीं मुलगा हुशार, वाणिज्य म्हटलें कीं बेताचा, आणि कला म्हटली कीं गुण कमी पडले असावेत! पुढें मानसशास्त्र घेणाऱ्या मुलीला पाहुणे "माझ्या मनांत काय आहे तें सांग" म्हणतात, संस्कृत घेणाऱ्याला पौरोहित्याविषयीं विचारतात, आणि कृषिशाखेच्या विद्यार्थ्याला "शेतीच करायची, तर कॉलेज कशाला?" हें ठरलेलें वाक्य ऐकावें लागतें. थट्टा म्हणून हें सोसतां येतें. परंतु याच समजुतींवर विसंबून जेव्हां प्रवेशाचा अर्ज भरला जातो, तेव्हां त्या तपासून पाहणें अगत्याचें होतें.

पहिली गोष्ट ही कीं, शाखांची ही उतरंड सनातन नाहीं. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि पुढें कित्येक वर्षें समाजांत मान होता तो बी. ए. या पदवीला. लोकमान्य टिळक १८७७ सालीं बी. ए. झाले ते गणित विषय घेऊन. म्हणजे आज विज्ञानाच्या खात्यांत जमा होणारा विषय त्यांनीं कलेच्या पदवीसाठीं अभ्यासिला. १९१३ सालीं मुंबईस सिडनहॅम कॉलेज निघालें आणि वाणिज्याला स्वतःचें घर मिळालें. १९८३ नंतर महाराष्ट्रांत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयें वाढलीं, तसा विज्ञानशाखेचा भाव आणखी चढला. जी प्रतिष्ठा अशी काळाबरोबर हिंडते, ती बुद्धीचें माप कशी ठरावी?

दुसरी गोष्ट अशी कीं, ज्ञानाचें काम शाखांच्या भिंती मानीत नाहीं. भोकरदन हें प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांचे उल्लेख सांचीच्या स्तूपावरील लेखांत आहेत. १९७३ सालच्या उत्खननांत तेथें एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींतील पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालें. तेथें १९३८ सालीं मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशीं तिचें साम्य आहे. अशा शोधाचा अर्थ लावावयाचा तर ब्राह्मी लिपि वाचणारा हवा, मातीचे थर ओळखणारा हवा, आणि कोळशाच्या तुकड्यांतील किरणोत्सर्गी कार्बन मोजून काळ सांगणाराहि हवा. यांतला "इतिहासवाला" कोण आणि "विज्ञानवाला" कोण?

कृषिशाखेवरील आक्षेपाला तर जालन्यांतच उत्तर आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भेंडीचें संकरित बीं करावयाचें, तर मादी वाणाच्या कळींतील पुंकेसर सायंकाळीं हातानें काढावे लागतात, कळी झांकून ठेवावी लागते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिजवर नर वाणाचे पराग लावावे लागतात. वाण निवडण्यास आनुवंशशास्त्र लागतें, शुद्धता तपासण्यास संख्याशास्त्र लागतें, शेतकऱ्यांशीं करार करण्यास हिशेब व कायदा लागतो, आणि हें सारें त्यांना समजावून देण्यास चांगली मराठी लागते. एका पुडींत इतक्या विद्या सामावलेल्या असतात.

माणसांचीं चरित्रेंहि हेंच सांगतात. चिंतामणराव देशमुख केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि कालिदासाचें मेघदूतहि त्यांनीं मराठींत आणलें. कमला सोहोनी १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. बंगळूरच्या विज्ञान संस्थेंत त्यांना प्रथम प्रवेश नाकारला गेला, तो गुणांसाठीं नव्हे, स्त्री म्हणून. त्यांनीं आग्रह धरला, अटींवर प्रवेश मिळविला, आणि १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. समजुतीपुढें त्यांनीं मान तुकविली असती, तर नुकसान एकट्या त्यांचेंच झालें नसतें.

आईबापांची काळजी खोटी नाहीं. कोरडवाहू शेतीवर किंवा बेताच्या पगारावर मुलाला शिकविणाऱ्यानें "नोकरी लागेल का?" असें विचारणें रास्तच आहे. मात्र तो प्रश्न सरळ विचारावा: या अभ्यासानंतर कोणतीं कामें मिळतात, किती वर्षें लागतात, खर्च किती येतो, आणि मुलगा किंवा मुलगी कोणतें पुस्तक न सांगतां उघडून बसते? या चार प्रश्नांचीं उत्तरें घरांत बसून शोधतां येतात. शेजारी काय म्हणतील, हा पांचवा प्रश्न. त्याचें उत्तर प्रवेशाच्या अर्जांत कोठेंहि लिहावें लागत नाहीं.