दोन सशांची सोयरीक

नात्यागोत्यात मी आजवर तीन लग्ने जुळविली आणि तिन्ही संसार सुरळीत चालले आहेत. तेव्हा या कामातले आपल्याला काही कळते, असा माझा समज होता. दीड किलो वजनाच्या एका पांढऱ्या सशाने तो पार धुळीस मिळविला!

हकीकत अशी. आमच्या घरी चिंगू आणि मनी अशी सशांची जोडी होती. बुलढाणा पडले घाटावरचे गाव. खाली मलकापूर-शेगावकडे अंग भाजून निघते, तेव्हा आमच्याकडे निदान संध्याकाळी वारा सुटतो. पण सशाला काही आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर टाकतो, आणि पारा तिशीच्या पुढे सरकला की त्याचे हाल सुरू होतात. मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि मनी गेली. मी पलीकडच्याच खोलीत उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी चिंगूने खाणे सोडले. मुलगी सहावीत आहे. तिने कोथिंबीर दाखविली, हरळी दाखविली. तो तोंड फिरवून कोपऱ्यात बसला. जनावरांच्या दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर माझ्यावरच रागावले. "सर, ससा बारा तास उपाशी राहिला की धावत यायचं. त्याचं आतडं एकदा थांबलं, तर जीवावर बेततं." बिनसुईच्या पिचकारीने थोडेथोडे भरविण्यात दोन रात्री गेल्या. तिसऱ्या दिवशी त्याने गवताची एक काडी ओढली, आणि घरात कुणी पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा आनंद झाला. "याला सोबत आणा," डॉक्टर म्हणाले.

मी लगोलग खामगावला गेलो आणि एका दुकानातून 'मादी' आणली. नाव ठेविले शेवंता. चिंगूच्याच पिंजऱ्यात तिला सोडली. पुढची दोन मिनिटे मला आठवतात ती उडणाऱ्या केसांची. शेवंताचा कान फाटला, माझा अंगठा फुटला. शेजारचे शेतकरी गृहस्थ कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, "सर, दोन गोऱ्हे एकाच दाव्याले बांधले त काय होईन जी?"

ते बोलणे अक्षरशः खरे ठरले. डॉक्टरांनी तपासले, शेवंता नर होता!

मराठीचा अध्यापक म्हणून मला येथे थोडी शरम वाटते. आमच्या गोष्टींतला ससा जन्माचा भित्रा. पण तो आपल्या शेतशिवारातला ससा. तो बीळ करीत नाही, बहुधा एकटा राहतो, आणि त्याची पिले जन्मतःच डोळे उघडी ठेवून येतात. 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून पाळता येत नाही. पिंजऱ्यातला ससा मूळचा युरोपातला, कळपाने बिळात राहणारा. त्याला सोबत लागते, पण आपली जागा तो कुणालाही फुकट देत नाही.

डॉक्टरांनी दोघांचीही नसबंदी करायला सांगितली. त्यासाठी अकोल्याला गेलो. सशाला उलटी होत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी त्याला उपाशी ठेवीत नाहीत, हे तिथे कळले. भूल दिलेली असताना मुलगी बाकावर बसून होती. "बाबा, हापण गेला तर?" तिने एकदाच विचारले. मला उत्तर सुचले नाही.

दोघे शुद्धीवर आले. मग दीड महिना थांबलो. अंगातली रग उतरायला तेवढा वेळ लागतो. या काळात दोन पिंजरे शेजारी, पण नाकाला नाक लागणार नाही अशा अंतरावर ठेविले. रोज याच्या खालचे फडके त्याच्याकडे, त्याचे याच्याकडे. पुढे भेटी सुरू झाल्या त्या माझ्या अभ्यासिकेत, कारण तिथे दोघांपैकी कुणाचेच पाऊल पडलेले नव्हते. पहिल्या दिवशी दहा मिनिटे. पाठलाग, पाठीवर चढणे, हे चालू द्यायचे; दातांवर आले की मध्ये जाडा टॉवेल टाकायचा, हात घालायचा नाही. (अंगठ्याचा धडा मी विसरलेलो नव्हतो.)

आमच्याच जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यात, 2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ 3000 किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत येऊन पोहोचला होता. त्याला जोडीदारीण आणून द्यावी की काय, यावर पुढे पुष्कळ खल झाला. वाघाची कसली सोयरीक, म्हणून तेव्हा मी स्टाफरूममध्ये हसलो होतो. आता हसत नाही.

तेविसाव्या दिवशी मुलीने दबक्या आवाजात हाक मारली. चिंगूने मान जमिनीला टेकविली होती, आणि शेवंता त्याचे कपाळ चाटीत होता. नाव आम्ही बदलले नाही. त्याची काही हरकत दिसत नाही.

परवा गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. चिंगूने मागचा पाय दाणकन आपटला आणि दोघे टेबलाखाली अंगाला अंग लावून बसले. मुलीने खिडक्या लावून घेतल्या आणि यंदा आपल्याकडे फटाके आणायचे नाहीत, असे जाहीर केले. मनीची टोपली मात्र तिने अजून माळ्यावर टाकू दिलेली नाही.