जागा आभाळातून, रस्ता नकाशातून

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणं सांगितली आहेत. त्यांत अवंतीबरोबर, म्हणजे उज्जैनबरोबर, वत्सगुल्माचंही नाव येतं. आज मोजलं तर वाशीम उज्जैनच्या रेखावृत्तापासून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला आहे. चूक मोठी दिसते, पण त्यात त्या काळच्या विद्वानांचा हलगर्जीपणा नाही. आपण किती उत्तरेला आहोत हे ध्रुवताऱ्याच्या किंवा सूर्याच्या उंचीवरून काढता येतं. किती पूर्वेला आहोत हे काढायला मात्र दोन ठिकाणच्या वेळा एकाच क्षणी ताडून बघाव्या लागतात. ग्रहणाखेरीज असा क्षण दोन्हीकडे सापडायचा कसा? अडचण सगळी घड्याळाची होती, आणि गाडीच्या काचेखाली ठेवलेला जीपीएस रिसीव्हर नेमकी तीच सोडवतो.

साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक जण ‘आत्ता इतके वाजले, मी इथे आहे’ एवढंच सतत सांगत राहतो. तो संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून रिसीव्हर अंतर काढतो. सेकंदाच्या अब्जाव्या भागात रेडिओलहर ३० सेंटिमीटर जाते, म्हणून घड्याळ एवढं काटेकोर लागतं. रिसीव्हरमधलं घड्याळ स्वस्तातलं असल्यामुळे त्याची चूकही हिशेबात धरावी लागते, आणि म्हणून तीन नव्हे तर किमान चार उपग्रह दिसावे लागतात. यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रिसीव्हर फक्त ऐकतो. तो वर काहीच पाठवत नाही. त्याला सिमकार्ड लागत नाही, नेट लागत नाही, महिन्याचा रिचार्ज लागत नाही. मोकळं आभाळ असलं की रिसोडच्या शेतात आणि मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर त्याचं काम सारखंच चालतं. उलट उंच इमारतींवरून लहरी परावर्तित होत नसल्यामुळे शेतातच जास्त चांगलं चालतं. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. वाशीमसारख्या जिल्ह्यात वाट चुकते तेव्हा आपण ‘जीपीएस चुकलं’ म्हणतो, पण चुकलेला बहुतेक वेळा नकाशा असतो, नाहीतर रेंज गेलेली असते. या तीन गोष्टी मनात वेगळ्या ठेवल्या, तरच उपाय नीट सुचतो.

पूर्वी त्या वेगळ्या ठेवाव्याच लागत. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या लहरी मुद्दाम अंधुक करत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई आणि गाडी रस्त्यावर आहे की शेजारच्या वावरात, हे कळत नसे. ते बंधन उठलं आणि पुढच्या काही वर्षांत काडेपेटीएवढे बिनतारी रिसीव्हर बाजारात आले. रिसीव्हर डॅशबोर्डवर, हातात पाम किंवा पॉकेट पीसी असा खिशातला संगणक, आणि दोघांमध्ये ब्लूटूथ, अशी ती जोडणी. रिसीव्हर दर सेकंदाला एक ओळ पाठवायचा आणि आजही पाठवतो. डॉलरच्या खुणेनं सुरू होणाऱ्या या ओळीत स्वल्पविरामांनी तोडलेले तुकडे असतात. पहिल्यांदा वेळ, तीही भारताच्या साडेपाच तास मागची. मग ‘ए’ किंवा ‘व्ही’ हे एकच अक्षर: ‘ए’ म्हणजे जागा पक्की, ‘व्ही’ म्हणजे अजून भरवसा धरू नका. मग अक्षांश. वाशीम शहरात असाल तर तो आकडा २००६ नं सुरू होईल, आणि ते इसवी सन नसून २० अंश ६ मिनिटं असतात. त्यापाठोपाठ रेखांश ०७७०८, म्हणजे ७७ अंश ८ मिनिटं, आणि पुढे जहाजाच्या नॉटमध्ये वेग. बस, एवढंच. या ओळीत रस्ता नाही, गाव नाही, वळण नाही. ते सगळं हातातल्या यंत्राच्या मेमरी कार्डावर भरलेल्या नकाशातून यायचं. नकाशा आधी भरला नसेल तर घराबाहेर पडण्यात अर्थ नाही, हे त्या पिढीतल्या वापरणाऱ्याला सांगावं लागत नसे.

पुढे रिसीव्हर फोनच्या पोटात गेला. सोय झाली यात शंका नाही. पण त्याच सुमारास नकाशा कार्डावरून उठून नेटवर गेला, आणि ही अदलाबदल कोणाच्या फारशी ध्यानात आली नाही. आता फाट्यावरून आत वळलं, टेकाड आडवं आलं, रेंज गेली की निळा ठिपका पुढे सरकत राहतो आणि त्याच्याभोवती कोरी पाटी दिसते. ठिपका बरोबर असतो. त्याखालचा जिल्हा गायब झालेला असतो. दुसरी गोम सुरुवातीची. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघे ५० बिट या वेगानं पाठवतो, त्यामुळे एका उपग्रहाची माहिती पुरी उतरायला अर्धं मिनिट लागतं. फोन ती नेटवरून झटकन आणतो म्हणून आपल्याला वाट पाहण्याची सवय उरलेली नाही. रेंज नसताना, तेही चालत्या गाडीत झाडांखालून जाताना, तो घोटाळतो. उपाय साधा आणि फुकट आहे: जिल्ह्याचा आणि शेजारच्या अकोला, हिंगोली, यवतमाळ, बुलढाण्याचा नकाशा घरीच उतरवून ठेवावा, आणि गाडी उभी असतानाच ठिपका स्थिरावू द्यावा.

उतरवलेला नकाशाही चुकतो, ते वेगळं प्रकरण आहे. नकाशाला पांदण रस्ता आणि डांबरी रस्ता यांतला फरक बऱ्याचदा कळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीची पांदण म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. यंत्राला मात्र तिथे केवळ तीन किलोमीटरची बचत दिसते. नावांचा घोळ तर या जिल्ह्याच्या पाचवीलाच पुजलेला. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाला येणाऱ्या दत्तभक्ताला कारंजा लाड हवं असतं, आणि वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला निघालेल्यांचं शिरपूर मालेगाव तालुक्यातलं. दुसरं मोठं शिरपूर धुळे जिल्ह्यात. खुद्द मालेगाव म्हटलं की बाहेरच्याला नाशिकचंच आठवतं. इथे कितीही महागडा रिसीव्हर कामाचा नाही. तालुका-जिल्ह्यासकट नाव टाकावं, किंवा ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडून लोकेशन मागवावं.

यावर कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, पारावरच्या माणसाला विचारावं. जरूर विचारावं, पांदणीत पाणी आहे की नाही हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पण विचारायला माणूस लागतो. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, तो कारंजा, शेलूबाजार, मालेगाव असा याच जिल्ह्यातून जातो, आणि त्याच्यावर गाडी थांबवून चौकशी करायची सोय नाही. १२० च्या वेगानं गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. दर सेकंदाला एकदा जागा कळणं तिथे पुरतं, पण पूल आणि त्याखालून जाणारा गावरस्ता यांत यंत्राची गल्लत होऊ शकते, कारण उपग्रहांवरून काढलेली उंची ही आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्ची असते. दुसरा आक्षेप जास्त सयुक्तिक आहे: फोनमध्ये सगळं असताना आज वेगळा बिनतारी रिसीव्हर घ्यायचा कशाला? बहुतेकांनी घेऊच नये. पण वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच. त्याचा मोठा पडदा गाडीत वापरायचा तर बाहेरचा रिसीव्हर लागतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता अडवणारा धातूचा थर असतो, तो लहरीही अडवतो. तिथे मागच्या काचेपाशी ठेवलेला रिसीव्हर ब्लूटूथवरून पुढे माहिती पोचवू शकतो. अँड्रॉइडवर मात्र ब्लूटूथ जोडून भागत नाही. डेव्हलपर पर्यायांत जाऊन बाहेरून आलेली जागा स्वीकारण्याची मुभा एखाद्या अ‍ॅपला द्यावी लागते, आणि पुष्कळांचं घोडं तिथेच अडतं. परक्या देशाच्या उपग्रहांवर विसंबायचं का, हाही प्रश्न निघतो. कारगिल युद्धानंतर तो आपल्या देशानंही गंभीरपणे घेतला, आणि २०१३ पासून ‘नाविक’ या भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचे उपग्रह वर जाऊ लागले. पण साधा नवा फोन आज एकाच वेळी अनेक देशांचे उपग्रह ऐकतो, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यापुरता हा वाद बराचसा मिटलेला आहे.

राहता राहिला कायदा. गाडी चालवताना मोबाइल वापरणं गुन्हा आहे, हे सर्वांना माहीत असतं. ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक सूट आहे: हातातलं यंत्र रस्ता पाहण्यासाठी, आणि तेवढ्यासाठीच, वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. गिअरजवळच्या खळग्यात पडलेला फोन उचलून बघणं या सुटीत बसत नाही. यंत्र काचेजवळच्या पकडीत घट्ट, आवाज सुरू, आणि ठिकाण निघण्याआधी टाकलेलं हवं. शेलूबाजारला उतरायचं राहून गेलं तर समृद्धीवर मागे वळता येत नाही. पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊनच परतावं लागतं.