पत्ता कोणत्या टोकाकडून वाचावा?

लोणावळ्यास जाणाऱ्या एखाद्या पाकिटावरील पत्ता पाहावा. आधीं नांव, मग घर, मग आळी, गांव लोणावळा, तालुका मावळ आणि शेवटीं जिल्हा पुणें. हा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जातो. त्याच्याच खालीं ४१०४०१ हा पिनकोड असतो. त्याचा क्रम मात्र उलट. पहिला ४ पश्चिमेकडील विस्तीर्ण टपालविभाग दाखवितो, तर शेवटचे तीन अंक एका टपालकचेरीपाशीं आणून सोडतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली ही योजना संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एकाच पाकिटावर दोन उलट क्रम नांदतात, तरी पत्र चुकत नाहीं. कारण काय कोणत्या टोकाकडून वाचावयाचें, हें टपालखात्यास ठाऊक असतें.

हाच प्रश्न आज बिनतारी संदेशवहनांत उभा आहे. पाऊस वा पाण्याची पातळी मोजणारीं लहान यंत्रें एवढीशी बॅटरी दीर्घकाळ पुरवीत रेडिओवरून त्रोटक संदेश धाडतात. त्यांच्यासाठीं ‘८०२.१५.४’ नांवाचा नियम २००३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या मूळ रूपांत एका पॅकेटांत, म्हणजे संदेशाच्या एका पाकिटांत, फार तर १२७ बाइट मावतात. एका बाइटांत ० पासून २५५ पर्यंतचीच संख्या बसते. त्याहून मोठ्या यंत्रक्रमांकास दोन बाइट लागतात. २५८ म्हणजे २५६ चा एक गठ्ठा आणि वर २. म्हणून त्याचे बाइट १ व २. पंचवीस उच्चारतांना मराठी माणूस पांच आधीं म्हणतो, लिहितांना मात्र २ आधीं काढतो. तसाच भेद येथेंहि आहे. हा नियम धाकटा बाइट आधीं धाडतो: २, मग १. इंटरनेटचा शिरस्ता थोरल्यास मान देण्याचा: १, मग २. इंटरनेटचे संदेश या छोट्या पाकिटांत भरण्याची रीत २००७ सालीं ठरली, आणि वेष्टनावर एक क्रम व आंत दुसरा, अशी स्थिति झाली.

टोक चुकलें कीं २५८ चे ५१३ होतात. वाटेंत झालेला बिघाड ओळखण्यासाठीं पॅकेटाच्या शेवटीं दोन बाइट असतात. पण येथें बिघाड झालेलाच नसतो, म्हणून तेहि मूक राहतात.

३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणाजवळील धबधब्याच्या लोंढ्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. तशा ओढ्याच्या वरच्या अंगास पर्जन्यमापक व खालीं २५८ क्रमांकाचा भोंगा बसविला आहे, अशी कल्पना करावी. पाऊस बरोबर मोजला, संदेश वेळेवर निघाला. परंतु पत्ता पडला ५१३ चा. भोंग्याच्या कानीं संदेश येतो, पण आपला नव्हे म्हणून तो टाकून देतो आणि गप्प राहतो.

अंडें कोणत्या टोकानें फोडावें यावरून लढणाऱ्यांची थट्टा स्विफ्टनें १७२६ सालीं केली. त्या पक्षांचींच नांवें डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञानें १९८० मध्यें या दोन क्रमांस दिलीं. क्रम कोणता, यापेक्षां सर्वांचें एकमत अधिक मोलाचें, असें त्याचें सांगणें होतें. तें एकमत झालें नाहीं; दोन्ही क्रम रूढ झाले. म्हणून टपालवाला जें सवयीनें करितो, तें या यंत्रांस, संदेश एका रीतींतून दुसरींत जातो त्या प्रत्येक उंबरठ्यावर, स्पष्ट शिकवावें लागतें.