घरांतील बंदूक कोणाचें रक्षण करते?

डिसेंबर २०२४ मध्यें शहापुरांत दुचाकीवरून आलेल्या लुटारूंनीं एका सराफी पेढीवरील तरुण नोकरावर गोळी झाडली, दागिन्यांची पिशवी लांबविली, आणि तो बिचारा प्राणास मुकला. दिवेलागणीनंतर दुकान आवरावें, गल्ला मोजावा व ओळखीच्या रस्त्यानें घरीं जावें, असा ज्या गांवाचा क्रम, तेथें असा प्रकार घडल्यावर लोकांच्या मनांत धास्ती बसावी हें स्वाभाविक आहे. त्यांत समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. रस्त्याबरोबर जमिनीचा भाव आला, भावाबरोबर पैसा आला, आणि पैशाबरोबर अनोळखी माणसांची ये-जा वाढली. अशा वेळीं शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेंत एक सल्ला सहज ऐकूं येतो : "परवाना काढा आणि घरांत एक बंदूक ठेवा." हा सल्ला कितपत शहाणपणाचा आहे, याचा आज विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, या भीतीची थट्टा करणारांपैकीं आम्ही नव्हे. ज्याच्या तिजोरींत दहा घरांचें सोनें आहे, किंवा ज्याचें घर डोळखांब अथवा टोकावडे भागांत वस्तीपासून दूर, शेताच्या कडेला एकटें उभें आहे, त्याला "पोलीस आहेत, निश्चिंत झोंपा" असें सांगणें सोपें आहे. पण पोलिसांची गाडी येईपर्यंतची पाऊण घटका त्यालाच काढावी लागते, सांगणाऱ्याला नव्हे.

शस्त्राच्या प्रश्नाला आमच्या देशांत मानापमानाचीहि एक बाजू आहे. लॉर्ड लिटनच्या सरकारनें १८७८ च्या कायद्यानें हिंदी रयतेला निःशस्त्र केलें व युरोपियनांस मात्र मोकळीक ठेवली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसनें याविरुद्ध ठराव केला. १९३१ च्या कराची ठरावानें तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत घातला. खुद्द मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील हे सरकारी गोळ्यांस बळी पडले. तेव्हां बंदूक केवळ राज्यकर्त्याच्या हातीं असण्याचें दुःख काय, हें या मुलखाला कोणी शिकवावयास नको. परंतु १९५९ च्या शस्त्र कायद्यांत तो काळा-गोरा भेद उरला नाहीं. आज परवाना मागणाऱ्यास तो जातीवर किंवा वर्णावर नाकारतां येत नाहीं. प्रश्न स्वाभिमानाचा राहिला नसून संसाराच्या हिताहिताचा झाला आहे, व तो त्याच तराजूंत तोलला पाहिजे.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. ठाणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. अर्जदार एकवीस वर्षांचा हवा. पोलिसांची चौकशी व वैद्यकीय दाखला हवा. २०१६ च्या नियमांप्रमाणें शस्त्र हाताळण्याचें शिक्षण घेतलें पाहिजे, आणि तें घरीं सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून दिली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास दोनच शस्त्रें ठेवतां येतात, आणि लग्नावरातींत हर्षानें बार काढून इतरांचा जीव धोक्यांत घालणें हा स्वतंत्र गुन्हा झाला आहे. पण परवाना म्हणजे माणूस मारण्याची मुभा, अशी जी समजूत आहे ती साफ चुकीची आहे. आत्मसंरक्षणाचा हक्क परवान्यांतून येत नाहीं. तो भारतीय न्याय संहितेंत, कलमें ३४ ते ४४ मध्यें, प्रत्येकास दिलेला आहे, आणि त्याला मर्यादा आहेत. सरकारी मदत मागण्यास अवसर असेल तेथें हा हक्क नाहीं, आणि बचावास लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा तर मुळींच नाहीं. पाठ फिरवून पळणाऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशीं फिर्यादी म्हणून नव्हे, आरोपी म्हणून कचेरींत उभा राहण्याचा संभव असतो.

आतां मुख्य मुद्दा. बंदूक चोराच्या वेळीं उपयोगीं पडावी तर ती भरलेली व हाताशीं पाहिजे. पोरांबाळांच्या घरांत ती निर्धोक असावी तर ती रिकामी व कुलपांत पाहिजे. हीं दोन्हीं एकाच वेळीं साधत नाहींत. लुटारू वेळ सांगून येत नाहीं. तो पाळत ठेवून, आपल्या सोयीची घटका निवडून येतो, आणि त्याचें पिस्तूल आधींच बाहेर असतें. दुकानदाराचें पिस्तूल कपाटांत, काडतुसें दुसऱ्या खणांत, किल्ली बायकोपाशीं! कपाटाकडे जाणारा हात पाहूनच समोरचा चाप ओढतो. हें टाळण्यासाठीं कोणी भरलेलें शस्त्र उशाशीं घेऊन निजूं लागला, तर चोर वर्षांत एकदाहि न येवो, मुलगा मात्र रोज त्या उशीपाशीं खेळतो. मुलांस भीति घालून भागत नाहीं. जें लपविलें तेंच त्यांस पाहावयाचें असतें. जाणत्यांचीहि गत निराळी नाहीं. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत सिनेनट गोविंदा यांचें परवान्याचें रिव्हॉल्व्हर कपाटांत ठेवतांना खालीं पडलें, आणि गोळी त्यांच्याच पायांत घुसली. चोर नव्हता, भांडण नव्हतें. केवळ शस्त्र भरलेलें होतें.

याहून मोठा शत्रु म्हणजे घरचा राग. २ फेब्रुवारी २०२४ रोजीं आमच्याच जिल्ह्यांत, उल्हासनगरच्या हिल लाइन पोलीस ठाण्यांत, जमिनीच्या वादावरून गोळीबार झाला. एका आमदारानें परवान्याच्या शस्त्रानें तो केल्याचा आरोप आहे. त्यानंतर सहाच दिवसांनीं दहिसरांत एका माजी नगरसेवकाचा खून झाला. तेथें वापरलेलें पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचें होतें. २४ जुलै २०२३ रोजीं पुण्यांत एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यानें आपल्या खासगी परवान्याच्या पिस्तुलानें पत्नीचा व पुतण्याचा जीव घेतला व स्वतःचाहि अंत केला. जन्मभर शस्त्र वापरण्याचें शिक्षण घेतलेल्या माणसाची ही कथा, मग किराणा-भुसारवाल्याची काय? या तिन्ही ठिकाणीं शस्त्र बेकायदेशीर नव्हतें, आणि तिन्ही ठिकाणीं मेलेला वा जखमी झालेला माणूस परका चोर नव्हता. ज्या तालुक्यांत सातबाऱ्यावरील एका नांवासाठीं सख्खे भाऊ बोलत नाहींसे झाले आहेत, तेथें घराघरांत बंदूक पोहोंचविणें म्हणजे गवताच्या गंजींत निखारा ठेवणें होय.

अमेरिकेंत घरोघर शस्त्रें आहेत. तेथील अनुभव या बाबतींत पाहण्याजोगा आहे. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, ज्या घरांत बंदूक आहे तेथें खून होण्याचा संभव जवळजवळ पावणेतीनपट आढळला, आणि मारणारा बहुतेक घरचा किंवा ओळखीचा. कॅलिफोर्नियांतील २०२२ च्या अभ्यासांत तर, पिस्तूलवाल्या माणसाबरोबर राहणाऱ्या, पण स्वतः शस्त्र नसलेल्या माणसांत जोडीदाराच्या गोळीनें मरण्याचें प्रमाण सातपट निघालें. अशा बळींत शंभरांत चौऱ्यायशीं स्त्रिया होत्या. तिकडची समाजस्थिति आमच्यासारखी नाहीं हें खरें. पण दारूची धुंदी, संशय आणि क्षणाचा संताप यांस समुद्र आडवा येत नाहीं. निराशेच्या क्षणींहि तेंच. विषाचा घोट घेतलेला माणूस रुग्णालयांत पोहोंचला तर कधीं कधीं वांचतो व मागाहून पस्तावतो. बंदूक पस्ताव्यास जागा ठेवीत नाहीं.

बाजारपेठेबाहेरच्या पाड्यांवरील बंदुकीची कथा वेगळी, पण शेवट तोच. भातशेतींत रानडुकरें शिरतात, रात्र-रात्र माळ्यावर जागावें लागतें. कायद्यांत पीकरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. मात्र शहापूर तालुक्यांत तानसा अभयारण्य असल्यानें त्याच्या दहा किलोमीटरांच्या आंत वन्यजीव अधिकाऱ्यांच्या संमतीवांचून नवा परवाना मिळत नाहीं. मग चोरून केलेली, नळीला गंज चढलेली बंदूक गवतांत दडविली जाते. जानेवारी २०२५ मध्यें शेजारच्या पालघर जिल्ह्यांत, मनोरजवळ बोरशेतीच्या रानांत, डुकराच्या शिकारीस गेलेल्या टोळींतील एकानें चाहूल ऐकून बार काढला. मेला तो सोबतीच. मग भीतीनें प्रेत दडविण्यापर्यंत मजल गेली. एका डुकरापायीं एक माणूस गेला व अनेक घरांचे कर्ते कोठडींत गेले. याचा दोष केवळ त्या गरिबांस देऊन आम्ही मोकळे होणार नाहीं. पिकाची नुकसानभरपाई वेळेवर मिळाली, पंचनाम्यासाठीं शेतकऱ्यास हेलपाटे पडले नाहींत, कुंपणास साहाय्य झालें, तर अंधारांत बार काढण्यास कोण जाईल?

तर मग करावें काय? सरकारनें मागणाऱ्यास परवाना देतांना गरज तपासावी, वजन तपासूं नये. बीड जिल्ह्यांत बाराशेंहून अधिक परवाने असल्याचें उघडकीस येऊन ते रद्द करण्याची पाळी आली, तो धडा ठाण्यानें दुसऱ्याच्या खर्चानें शिकावा. रात्रीची गस्त बाजार बंद होण्याच्या वेळीं बाजारांतच दिसली पाहिजे. व्यापारी मंडळींनीं दुकानें एकेकट्यानें बंद न करितां एकाच वेळीं करावीं, दागिने नोकराच्या पिशवींतून रस्त्यानें नेऊं नयेत, पेढींतच मजबूत तिजोरी करावी, आणि एका बंदुकीच्या किंमतींत चार दुकानांस पुरेल असा पहारेकरी ठेवावा. गांवोगांवच्या ग्रामसुरक्षा दलांत पोलीस पाटलाबरोबर तरुणांनीं आळीपाळीनें उभें राहावें. शिट्टी, विजेरी, कुत्रा आणि जागा शेजारी यांच्यापुढें चोराचें धैर्य जितकें खचतें, तितकें कपाटांतील पिस्तुलापुढें खचत नाहीं, कारण तें त्यास दिसतच नाहीं. आणि ११२ हा क्रमांक घरांतील लहान मुलासहि पाठ असावा.

ज्यांच्या घरीं परवान्याचें शस्त्र आहे, त्यांस आमची हात जोडून विनंति आहे. तें रिकामें ठेवा, कुलपांत ठेवा, काडतुसें निराळ्या कुलपांत ठेवा, आणि दारूच्या बैठकींत त्याचें नांवहि काढूं नका. घरांत कोणी खचलेला असेल, किंवा भाऊबंदकी पेटली असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. कायद्यानें तशी सोय आहे, व त्यांत कमीपणा नाहीं. वडील वारल्यावर त्यांची बंदूक आठवण म्हणून माळ्यावर पडूं देऊं नका. तिचा परवाना त्यांच्याबरोबर गेलेला असतो.

शहापुरांत मेलेला तो तरुण मालकाचें सोनें सांभाळतांना मेला. त्याच्या मरणाचा उपयोग बंदुकांचा खप वाढण्याकडे न होतां, रस्त्यावर गस्त व शेजाऱ्यांत एकोपा वाढण्याकडे झाला, तर त्याच्या घरच्यांच्या दुःखाची कांहीं तरी बूज राखली गेली असें आम्ही समजूं. परवाना मागण्यापूर्वीं प्रत्येक गृहस्थानें आपल्या पत्नीस एकच प्रश्न विचारावा : "ही वस्तु घरांत आल्यावर तुला अधिक निर्धास्त झोंप लागेल कीं कमी?" आमची खात्री आहे कीं, बहुतेक घरांत अर्ज तेथेंच फाडला जाईल.